न वाजणारं नाणं

टेबलापासून फरशीपर्यंत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. तेवढ्या उंचीवरून एक रोमन डिनेरियस, म्हणजे चांदीचं नाणं, खाली सोडला गेला. चुकून नव्हे, वाजवून बघायचा म्हणून. ट्राजान बादशहाचा, म्हणजे इसवी सन ९८ ते ११७ मधला. खण्ण असं काही ऐकू आलं नाही. आवाज झाला तो कौलाची कपची पडावी तसा, कोरडा, आखूड. आणि गुळगुळीत टाइलवर नाण्याचे दोन तुकडे झाले. भेग ट्राजानच्या कपाळातून निघून कानामागून मानेपर्यंत उतरली होती. सोडणाऱ्याचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच खुलला. ‘बघा, खोटंच होतं!’ हे वाक्य कानातून जायला तयार नाही. कारण नाणं खरं होतं, आणि ते खरं असल्याची खूण नेमकी त्या तुटण्यातच होती.

फसवलं त्याला आपल्या भाषेने. मराठीत खऱ्याचं विशेषणच मुळी ‘खणखणीत’. माणूस चोख असला की तो बंदा रुपया, आणि नाणं घ्यायचं ते वाजवून. राणीछाप रुपया होताच तसा: ११.६६ ग्रॅम वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी, उंबऱ्याच्या दगडावर टाकला की नाद मागच्या परसापर्यंत जायचा. शिशाचा भेसळीचा रुपया ‘बद्द’ वाजायचा आणि तिथेच पकडला जायचा. हा वारसा कानात घेऊन माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीकडे जातो आणि तिलाही तोच प्रश्न विचारतो. गंमत अशी, की अथेन्सच्या लोकांची सवयही हीच होती. इसवी सनापूर्वी ४०५ साली रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या नाटकात जुन्या, घरंदाज नागरिकांची तुलना जुन्या चांदीच्या नाण्यांशी केली आहे: नीट ठोकलेली, वाजवून पारखलेली. आणि नव्या पुढाऱ्यांची तुलना काल-परवा पाडलेल्या तांब्याच्या भिकार नाण्यांशी. म्हणजे तेव्हा ती चांदी वाजत होती. आज तीच नाणी वाजवायला जाल तर हातात तुकडे येतील.

त्याचं कारण धातूच्या पोटात आहे. प्राचीन चांदी शंभर नंबरी नसायची. तिच्यात थोडं तांबं आणि किंचित शिसं राहिलेलं असायचं. नाणं नवं असताना हे सगळं एकजीव असतं. मग ते जमिनीत जातं, शतकं उलटतात, आणि साध्या तापमानालासुद्धा हे परके धातू चांदीच्या कणांच्या सीमांवर हळूहळू येऊन साचतात. जमिनीतला ओलावा आणि क्षार त्याच सीमा पकडून आत शिरतात. बाहेरून बादशहाचा चेहरा जसाच्या तसा, आत मात्र कणाला कण धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. ताजी चांदी वाकते, तुटत नाही. ही चांदी वाकत नाही, थेट तुटते. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर खडीसाखरेचा खडा फोडल्यासारखा दिसतो, चकचकीत बारीक पैलूंचा. ही रचना कालच्या कारखान्यात कोणाला करता येत नाही. म्हणून जाणकार ती दिसली की आधी हळहळतो आणि मग नाणं खरं म्हणून मान हलवतो.

अशी नाणी फक्त फरशीवरच तुटतात असं नाही. घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत अंगठ्याने दाबताना तुटतात, पुठ्ठ्याच्या चौकटीला स्टेपलर मारताना तुटतात, ‘जरा बघू’ म्हणत दोन बोटांत वाकवताना तुटतात. धरायचं ते कडेने, आणि खाली मऊ फडकं अंथरूनच. एवढं केलं तरी अर्ध्या दुर्घटना टळतात.

नाणं पारखण्याची नोकरी मात्र आपल्याकडेही होती आणि त्यांच्याकडेही.

आपला तो पोतदार. सरकारी खजिन्यात भरणा होणारं नाणं तपासायचं, हिणकस असेल तर किती बट्टा लावायचा ते ठरवायचं. आडनाव राहिलं, काम गेलं, आणि ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना हा शब्द सराफाच्या गादीवरून आला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अथेन्सचा पोतदार हा सरकारी मालकीचा गुलाम होता. इसवी सनापूर्वी ३७५-७४ मधला एक कायदा संगमरवरावर कोरलेला सापडला आहे. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, १९७० साली. कायदा मांडणाऱ्याचं नाव निकोफोन. त्यात म्हटलंय, की पारख्याने रोज सावकारांच्या मेजांमध्ये बसायचं. चांदी चांगली निघाली तर आणणाऱ्याला परत द्यायची. आत तांबं किंवा शिसं निघालं, किंवा नाणंच बनावट असलं, तर तिथल्या तिथे ते आडवं कापायचं आणि देवमातेच्या खजिन्यात जमा करायचं. पारख्याने पास केलेलं नाणं व्यापाऱ्याने नाकारलं तर त्या दिवशी मांडलेला त्याचा माल जप्त. आणि पारख्याच जागेवर बसला नाही किंवा नियमाप्रमाणे तपासलं नाही, तर त्याला पन्नास फटके. पिरेयस बंदरासाठी वेगळा पारख्या नेमावा, हेही त्याच दगडावर आहे.

हा कायदा माहीत असला की अथेन्सच्या घुबडवाल्या टेट्राड्राखमकडे पाहण्याची नजर बदलते. चार ड्राखमांचं, साधारण १७.२ ग्रॅमचं जाडजूड नाणं; एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसरीकडे घुबड, ऑलिव्हची डहाळी, छोटीशी चंद्रकोर आणि अथेन्सच्या नावाची पहिली तीन अक्षरं. ठसा तबकडीपेक्षा, म्हणजे तो ज्यावर मारतात त्या कोऱ्या चांदीच्या गोलापेक्षा, मोठा असल्यामुळे अथीनाचा तुरा बहुतेक नाण्यांवर अर्धवट कापला गेलेला. तुरा पूर्ण आलेलं घुबड दुप्पट-तिप्पट किमतीला जातं, ते याचमुळे. अनेक घुबडांवर छिन्नीचा खोल घाव असतो: कधी कडेला, कधी थेट घुबडाच्या अंगावर. लिलावाच्या यादीत हा घाव ‘दोष’ म्हणून नोंदवला जातो आणि किंमत घसरते. मला यात बाजाराचा कोतेपणा दिसतो. तो घाव म्हणजे कोणीतरी उन्हात बसून विचारलेला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही त्यातच दिसतं: आतपर्यंत पांढरी चांदी. नवशिक्या संग्राहकाने पहिलं घुबड घ्यावं तर असं घावाचंच. स्वस्त पडतं, आणि आतला धातू दाखवायला खिडकी आधीच उघडलेली असते.

रोमच्या गणराज्यकाळातल्या डिनेरियसवर घावाऐवजी बारीक ठोके दिसतात: चंद्रकोर, तारा, एखादं अक्षर, टाचणीच्या डोक्याएवढं. सावकारांनी आपापली खूण करून ठेवलेली. तिथल्या खोट्या नाण्यांचं तंत्रही चोख होतं. तांब्याच्या तबकडीवर चांदीचा पत्रा गुंडाळायचा, तापवायचा आणि ठसा मारायचा. वरून पाहिलं तर चांदी. पण वजन हलकं भरतं, आणि पुढेमागे कड जिथे घासते तिथून तांबं डोकावतं, हिरवा जंगाल बाहेर येतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की मारियस ग्रातिदियानस या अधिकाऱ्याने डिनेरियस पारखण्याची पद्धत आणली तेव्हा लोक इतके खूश झाले, की रोमच्या गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले. तोच पुढे सांगतो, की नमुना म्हणून एक खोटा डिनेरियस मिळवायला लोक अनेक खरे मोजतात! संग्राहक नावाची जमात तेव्हाही होतीच तर.

आता घरच्या टेबलावर, फरशीवर न टाकता, काय करता येतं? पहिली गोष्ट ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि तो जुळवायला प्रमाणित वजन. दुसरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग. यापेक्षा मोठं भिंग सुरुवातीला गोंधळच वाढवतं. साध्या ओरखड्यातही कट दिसायला लागतो. वजन आधी. नीरोने इसवी सन ६४ च्या सुमारास डिनेरियस हलका केला. त्याआधी एका रोमन पौंडात ८४ पाडत, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅमचा एक, आणि त्यानंतर ९६, म्हणजे सुमारे ३.४. ऑगस्टसचा डिनेरियस २.६ ग्रॅमचा भरला तर चेहरा कितीही देखणा असू दे, हात आखडता घ्यायचा. वजन बरोबर भरलं म्हणजे नाणं खरं, असा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही.

मग घनता. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याच्या सैल फासात धरून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ३.४२ ग्रॅमचं नाणं शुद्ध चांदीचं असेल तर आकडा ०.३३ येईल, निखळ तांब्याचं असेल तर ०.३८. इथवर ठीक. पण ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबं असेल तर येतो ०.३४. म्हणजे काट्याची चूक जेवढी, तेवढाच फरक. तेव्हा आत तांब्याचा गाभा आहे का, एवढंच ही परीक्षा सांगू शकते; चांदी किती टक्के हे तिला विचारू नये. नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही उत्तर बिघडवतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकतात. आतून भेगाळलेल्या नाण्यात पाणी मुरतं आणि आकडा हळूहळू सरकत राहतो. तसं दिसलं तर नाणं बाहेर काढून सुकवायचं आणि इथून पुढे त्याला काचेसारखं वागवायचं.

सराफाकडच्या कॅरेट मोजणाऱ्या यंत्रावर अनेकांची भिस्त असते. ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. रोमन टाकसाळीत तबकडीच्या पृष्ठभागावरचं तांबं मुद्दाम उतरवलेलं असायचं, म्हणजे वर चांदी जास्त आणि आत कमी. भर म्हणून जमिनीने शतकानुशतकं वरचं तांबं आणखी खाल्लेलं. त्यामुळे यंत्र नेहमी खुशमस्कऱ्यासारखं बोलतं. आणि कसोटीच्या दगडावर घासायचा विचारही करू नये. अंगठीवर कस खपून जातो; ट्राजानच्या हनुवटीवर तो कायमचा राहतो.

खरा खोटेपणा उतरतो तो कडेवर.

चेहऱ्यावर सगळे बघतात म्हणून खोटं करणाराही चेहऱ्यावर मेहनत घेतो. ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू चारी बाजूंना पसरतो, कडेला बारीक भेगा किरणांसारख्या फाकतात, अक्षरांची पायथ्याची रेघ धारदार असते आणि तिच्याभोवती धातू ओढला गेल्याची वळणं दिसतात. ओतीव नाण्यात अक्षरं विरघळत्या साबणावर कोरल्यासारखी, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कधी उलट बारीक मण्यांसारखे उंचवटे, आणि कडेला दोन साच्यांचा सांधा किंवा तो लपवायला सलग फिरवलेली कानस. पण इथेही घाई नको. काही ठिकाणी टाकसाळीत तबकड्याच मुळात ओतून घेत आणि मग त्यांवर ठसा मारत. त्या नाण्यांच्या कडेला ओतकामाचं शेपूट राहिलेलं असतं आणि ती शंभर टक्के खरी असतात. दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात; दोन्हींची भेग त्याच जागी, ठसा तेवढाच सरकलेला आणि गालावरचा ओरखडाही तोच, असं मात्र होऊ शकत नाही. तसं दिसलं की समजायचं, दोघांची आई एकच आहे आणि ती बहुधा तिसरीकडेच आहे.

ठशाने पाडलेली खोटी नाणी सगळ्यात अवघड. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) स्वतः ठसे कोरायचा, आणि कधी कधी झिजलेली खरी प्राचीन नाणीच तबकडी म्हणून वापरायचा. धातू जुना, वजन बरोबर, चेहरा तेवढा त्याचा! नवेपणाची चमक घालवायला तो नाणी लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत घालून ती पेटी आपल्या घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारून आणायचा, असं सांगतात. आज बेकरची नाणी ‘बेकरची’ म्हणूनच जमवली जातात. प्लिनीचं वाक्य इथे पुन्हा आठवतं.

चांदी निदान तुटून मोकळी होते. ब्राँझ आजारी पडतं, आणि आपल्या हवेत तर फारच. चौथ्या शतकातली कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची छोटी ब्राँझ नाणी, दोन सैनिक आणि मध्ये ध्वज, किंवा लांडगी आणि तिची जुळी बाळं, ही बरीच स्वस्त, त्यामुळे संग्रहाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. जमिनीतले क्षार त्यांच्या अंगात मुरलेले असतात. मुंबई-कोकणातला जूनचा ओलावा मिळाला की फिकट, पिस्त्याच्या रंगाचे पिठूळ ठिपके उठतात. सुईने टोकरले तर पीठ पडतं आणि खाली खड्डा दिसतो. हा साधा जंगाल नव्हे. साधा जंगाल कडक, गडद आणि गुळगुळीत असतो. तोच तर नाण्याची शोभा. या पिठात तांब्याचा क्लोराइड असतो. तो ओलावा आणि हवा घेऊन आम्ल तयार करतो, आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. चक्र थांबतच नाही. शेजारच्या नाण्यांपासून ते आधी वेगळं काढायचं. भिंगाखाली सुईने पीठ टोकरून काढायचं आणि मग डिस्टिल्ड पाण्यात भिजत घालायचं. पाणी पहिले काही दिवस रोज, पुढे आठवड्याने बदलायचं. हट्टी दुखण्याला सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण, आणि तेही आठवडे, कधी महिने. त्याने पॅटिनाचा, म्हणजे नाण्यावरच्या त्या गडद थराचा, रंग थोडा बदलू शकतो, हे आधीच मान्य करून. शेवटी मंद उष्णतेवर पूर्ण सुकवून संग्रहालयांत वापरतात तसं मेणाचं पातळ बोट. इतकं करूनही पुढच्या पावसाळ्यात परत बघायचं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हे इथे चैनीचे लाड नव्हेत. डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तरच हे दुखणं झोपून राहतं.

याच्या उलट टोकाला आपली चिंच. देवाचं तांब्याचं ताम्हन चिंच-मिठाने घासून लखलखीत करायची सवय हातात इतकी मुरलेली असते, की काळपट नाणं दिसलं की हात शिवशिवतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळी आम्लंच. पॅटिना गेला की त्याच्यासोबत अक्षरंही जातात, कारण झिजलेल्या ब्राँझमध्ये बारकावे बरेचदा त्या थरातच उरलेले असतात. खाली राहतो तो गुलाबी, खरबरीत, नागडा धातू. विकणारे उलटही करतात: वाळूच्या रंगाचा ‘वाळवंटी पॅटिना’ गोंदाने लावतात. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की बरेचदा तो कापसावर येतो. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर जो हिरवा चिकट ओशटपणा येतो, तोही ॲसिटोननेच जातो. पाकीट कडक पॉलिएस्टरचं घ्यावं. ते किंचित कर्कश वाजतं, मऊ वाजत नाही. वाजवून घ्यायची हौस तिथे भागवावी.

कागदाची परीक्षा धातूच्या परीक्षेपेक्षा कडक झाली आहे, हे जरा उशिराच लोकांच्या लक्षात आलं. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने इसवी सनापूर्वी ४२ च्या सुमारास पाडलेलं सोन्याचं नाणं, दोन खंजीर आणि मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, २०२० साली लंडनच्या लिलावात ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. नाणं अस्सल होतं. त्याचा मालकीचा इतिहास बनावट निघाला, अमेरिकेत ते जप्त झालं आणि २०२३ मध्ये ग्रीसला परत गेलं. तेव्हापासून जुनी चिठ्ठी, जुन्या लिलावाचं पान, विकत घेतल्याची पावती हीसुद्धा नाण्याचाच भाग मानायला लोक शिकले. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते परदेशी नेता येत नाही. शेतात सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचं, हा नियम तर १८७८ पासूनचा. कळवायलाच हवं अशी किमतीची मर्यादा त्या कायद्यात अजून दहा रुपयांचीच.

कारण ही नाणी काही फक्त युरोपातून पाकिटातून येत नाहीत. प्लिनीची ती प्रसिद्ध तक्रार, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल दहा कोटी सेस्टर्स रोमकडून ओढून घेतात, तिचा पुरावा कोइम्बतूरच्या भोवतालच्या मातीत मडक्यांनी निघाला आहे. ऑगस्टस आणि टायबेरियसचे डिनेरियस, भरभरून. दक्षिणेत सापडलेल्या पुष्कळ रोमन नाण्यांवर बादशहाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा सरळ घाव आहे. तो पारखण्यासाठी होता की परक्या राजाचा चेहरा रद्द करण्यासाठी, यावर अभ्यासक अजून भांडतात. आणि मराठी माणसाला ग्रीक अक्षरं बघायला ग्रीसपर्यंत जायची गरजच नाही. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. दोन-सव्वादोन ग्रॅमची ही नाणी. राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक लिपी, पण भाषा प्राकृत: ‘रान्निओ’ म्हणजे राजाचं. ब्राह्मी आणि खरोष्ठी मागच्या बाजूला. ग्रीक अक्षरं कोरणाऱ्याला ती वाचता येत होती की नाही याची शंका यावी, इतकी काही नाण्यांवर ती वेडीवाकडी झालेली. यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला. चांदी तीच, राजा नवा. नहपानाच्या नाकावरून सातवाहनांचं चैत्य गेलेलं नाणं हातात घेतलं, की घावाला दोष म्हणणाऱ्या लिलावाच्या याद्या आठवून हसू येतं.

आता तो ट्राजान. पहिला सल्ला मिळतो तो फेव्हिक्विकचा, आणि तो ऐकायचा नाही. तो थर पुढे पिवळा पडतो, आणि सोडवायला गेलं तर कडेचे कण सोबत नेतो. जोडायचंच असेल तर संग्रहालयवाले वापरतात ते ॲक्रिलिक राळेचं द्रावण, जे ॲसिटोनने पुन्हा सुटतं. न जोडलेलं बरं, असं माझं मत. दोन्ही तुकडे एकाच पाकिटाच्या दोन कप्प्यांत गेले आहेत. जुन्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं आहे ३.११ ग्रॅम. तुकडे तोलले तर एक १.७८ आणि दुसरा १.२९. बेरीज ३.०७. राहिलेले ०.०४ ग्रॅम अजून टाइलच्या फटीत आहेत.